तेल घाला ना!

पांडेसऱ्याच्या आमच्या घरात, देवघराशेजारच्या फळीवर एक लाल पुठ्ठ्याचा, अंगठ्याएवढा जाड शब्दकोश ठेवलेला आहे. चिनी-इंग्रजी. त्याच्या पंधरावीस पानांवर मशीनच्या तेलाचे डाग आहेत. घरी आलेला पाहुणा हमखास विचारतो, "हे चिनी पुस्तक तुमच्याकडे कसं?" मग आबा माझ्याकडे बोट दाखवतात आणि हसतात. आज ती गोष्ट सांगते.

आमचं गाव शिंदखेड्याजवळ. आबा तरुणपणी ताप्ती लाईनच्या गाडीत बसले, उधन्याला उतरले आणि इथलेच झाले. आपल्यापैकी अनेकांच्या घरची हीच कथा आहे. सोळा वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या खात्यात लूम्स चालवले. मग २००७ मध्ये मायच्या पाटल्या विकून आणि मामांना भागीदार घेऊन त्यांनी एक जुनं एम्ब्रॉयडरी मशीन घेतलं. बारा हेडचं, चिनी बनावटीचं. जीआयडीसीच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या गाळ्यात ते बसवलं. मशीनबरोबर एक खोकं मिळालं. त्यात सुया, बॉबिन, तेलाची कुपी, चिनी भाषेतलं माहितीपुस्तक आणि हा लाल शब्दकोश. आधीचा मालक कधी तरी चीनला गेला होता, तिथून त्याने तो आणला असावा. पानं कोरी करकरीत होती. तो कोणी उघडलाच नव्हता.

मी तेव्हा अकरावीत होते. महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी बेताचं. घरात बटणांचा एकच फोन, तो आबांच्या खिशात.

मशीन बोलतं, पण चिनी

पहिल्याच आठवड्यात लाईट गेली आणि परत आली, तेव्हा मशीनच्या पडद्यावरची सगळी इंग्रजी अक्षरं गायब झाली आणि चिनी आली. मशीन मध्येच थांबायचं, पडद्यावर दोन अक्षरं चमकायची आणि आबा त्यांच्याकडे बघत उभे राहायचे. मेकॅनिकला बोलावलं की तो एक बटण दाबून पाचशे रुपये घेऊन जायचा. काय बिघडलं होतं ते विचारलं तर म्हणायचा, "काका, तुम्हाला नाही समजणार."

तिसऱ्या वेळी आबांनी ती दोन अक्षरं बिडीच्या पाकिटावर उतरवून आणली. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "बेटा, काय लिखेल शे आठे?"

मी शब्दकोश उघडला आणि पहिल्या पाच मिनिटांतच अडकले. मराठी कोशात शब्द शोधायचा तर तो आधी उच्चारता यावा लागतो. 'धागा' म्हटलं की ध, मग आ, मग ग. पण चिनी अक्षर दिसतं, ऐकू येत नाही. ज्याचा उच्चारच माहीत नाही ते कोणत्या पानावर बघायचं? आतली पानं तर उच्चाराच्या क्रमाने, ए-बी-सी-डीप्रमाणे लावलेली होती.

तोड पुस्तकाच्या सुरुवातीलाच होती. तिथे छोट्या छोट्या खुणांचा एक तक्ता होता. आधी एका रेघेच्या खुणा, मग दोन रेघांच्या, मग तीन, असं पुढे. खाली बारीक इंग्रजीत सूचना होत्या. इंग्रजी-मराठी कोश शेजारी ठेवून मी त्या वाचल्या. चिनी लोकांनी आपल्या हजारो अक्षरांचे गट पाडले आहेत. प्रत्येक गटाला एक खूण, आणि ती खूण त्या गटातल्या प्रत्येक अक्षरात कुठे तरी बसलेली असते. चिनी भाषेत तिला 'बूशोऊ' म्हणतात. 'बू' म्हणजे विभाग, 'शोऊ' म्हणजे डोकं. आमच्या घरात तिचं नाव पडलं म्होरक्या.

शोधायची रीत अशी. अक्षरातला म्होरक्या ओळखा. त्याच्या रेघा मोजा आणि तक्त्यात तो शोधा. तिथे एक आकडा असतो, तो तुम्हाला त्याच्या गटाच्या यादीकडे नेतो. मग म्होरक्या सोडून अक्षराच्या उरलेल्या रेघा मोजा. यादी त्या संख्येप्रमाणे लावलेली असते. आपलं अक्षर दिसलं की त्याच्यापुढे पान क्रमांक असतो. म्हणजे आधी कुळ, मग घर, मग माणूस. गावात नवखा आला की आपणही असंच विचारतो, "कोणाकडचा रे तू?"

कुऱ्हाड आणि धागा

पाकिटावरच्या दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला एकाखाली एक दोन कोपरे आणि खाली तिरकी वर गेलेली एक रेघ होती. तीन रेघांच्या म्होरक्यांत ती सापडली. ही रेशमाची खूण. उजव्या अंगाला पाच रेघा उरल्या. रेशमाच्या यादीत पाचच्या रकान्यात अक्षर मिळालं, पान उघडलं. धागा! उच्चार 'शिएन'. मी इतक्या जोरात ओरडले की माय स्वयंपाकघरातून धावत आली.

पहिल्या अक्षराने मात्र रात्री बारापर्यंत जागवलं. डाव्या बाजूला बरीच गर्दी, म्हणून मी म्होरक्या तिथेच शोधत बसले. तो निघाला उजव्या बाजूला, चार रेघांचा, ज्याचा मूळ अर्थ कुऱ्हाड. उरलेल्या रेघा सात. अर्थ, तुटणं.

'धागा तुटला.' पाचशे रुपये घेऊन मेकॅनिक जे सांगत नव्हता ते एवढंच होतं. आबा सकाळी गाळ्यावर गेले, बारा हेडपैकी कुठला धागा तुटला ते पाहिलं, ओवला आणि मशीन सुरू झालं.

मग मला नादच लागला. रोज संध्याकाळी घरी साड्यांचं धागाकटिंग करायचं आणि ते संपलं की पडद्यावरची चारपाच अक्षरं शोधायची. रेशमाची यादी तर आमचीच वाटायला लागली. धागा, सूत, विणणं, कातणं, गाठ, भरतकाम, सगळे एकाच म्होरक्याखाली. लाल आणि हिरवा हे रंगही तिथेच, कारण रंगाची ओळख रंगवलेल्या रेशमावरूनच व्हायची. 'बारीक' हा शब्दही तिथे आणि 'कागद'ही तिथेच.

त्याच पाचच्या रकान्यात धाग्याशेजारी आणखी एक अक्षर होतं, 'चिंग'. अर्थ दिला होता मागावरचा उभा धागा, आणि पुढे पवित्र ग्रंथ. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे ताणा." ज्याने सोळा वर्षं ताणा-बाणा सांभाळला त्याला ते समजावून सांगावं लागलं नाही. पुढे कळलं की बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा 'सूत्र' या शब्दासाठी त्यांनी हेच अक्षर निवडलं. आपल्याकडेही सूत्र म्हणजे धागा आणि सूत्र म्हणजे ग्रंथातलं वचन. हिमालयाच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना पोथीसाठी धागाच आठवला.

अकरा साड्या

महिन्याभरात मी गल्लीतली 'चिनी मास्तरीण' झाले. शेजारच्या गाळ्यांतले लोक कागदावर अक्षरं उतरवून आणायचे. खरं सांगते, डोक्यात थोडी हवा गेली होती.

एक दिवस आबांनी मोटारीच्या बाजूच्या झाकणावरची चार अक्षरं उतरवून आणली. तिथून बारीक किरकिर येत होती. तिथे तेल द्यायचं का, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिलं अक्षर, म्होरक्या 'बोलणं', उरलेल्या रेघा आठ. अर्थ, कृपया. चौथं, म्होरक्या 'पाणी', म्हणजे डावीकडे तीन थेंब, उरलेल्या पाच. अर्थ, तेल. तिसऱ्याने थोडं छळलं. त्यात एक चौकोन होता, मी त्याच्या चार रेघा मोजल्या. पण चिनी लिहिताना वरची आडवी आणि उजवी उभी रेघ हात न उचलता एकाच फटक्यात काढतात, म्हणून चौकोनाच्या रेघा तीनच. तसं मोजल्यावर ते 'बळ' या म्होरक्याखाली सापडलं. अर्थ, घालणं, वाढवणं.

राहिलं दुसरं. चारच रेघांचं, नखाने ओरखडे काढावेत तसं. त्यात म्होरक्या कुठला तेच कळेना. तिरक्या रेघेच्या यादीत पाहिलं, नाही. आणखी दोन याद्या पाहिल्या, नाही. आबा चप्पल घालून दारात उभे. मी मनाशी म्हटलं, एवढंसं अक्षर, काय असणार? आपण बोलताना म्हणतो ना, 'ये ना', 'बस ना', तसंच काही तरी गोड बोलणं असेल.

"आबा, 'कृपया तेल घाला ना' असं लिहिलंय."

आबांनी तेल घातलं. चांगलं भरपूर घातलं.

रात्रपाळीला मशीन पूर्ण वेगात असताना तेल पट्ट्यावर गेलं. पट्टा घसरला, डिझाइन सरकली आणि उडालेलं तेल कापडावर पडलं. जॉबवर्कच्या पांढऱ्या जॉर्जेटच्या अकरा साड्या गेल्या. व्यापाऱ्याने त्यांची पूर्ण किंमत मजुरीतून कापून घेतली. त्या महिन्याचा हप्ता मामांनी भरला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. शब्दकोश घेऊन बसले आणि दोन रेघांचे सगळे म्होरके एकामागून एक तपासले, प्रत्येकाची पूर्ण यादी वाचत. दुपारी ते सापडलं. म्होरक्याचा अर्थ 'कवेत घेणं', एखाद्या आकड्यासारखा वाकलेला. उरलेल्या रेघा दोन. उच्चार 'वू'.

अर्थ, नका.

'कृपया तेल घालू नका.' माझ्या 'ना'ने आणि चिनी 'नका'ने आमचा महिना बुडवला होता.

आबांना सांगताना मला रडू आवरेना. ते रागावले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "जे तुले समजनं नही, तेबी माले सांगानं व्हतं."

रंगाऱ्याचं अक्षर

त्यानंतर मी कोशाच्या वाटेला जरा नम्रपणे गेले. हे म्होरके आले कुठून, तेही पुढे वाचलं. इ.स. १००च्या सुमारास शू शन नावाच्या विद्वानाने ९,३५३ अक्षरांचे ५४० गट पाडले. इतके गट लक्षात ठेवणार कोण? १६१५ मध्ये मेइ यिंगत्सू याने ते २१४वर आणले आणि रेघांच्या संख्येने लावले. सम्राट खांगशीच्या आज्ञेने केलेल्या १७१६च्या महाकोशात याच २१४ म्होरक्यांखाली ४७,०३५ अक्षरं बसवली. तेव्हा आपल्याकडे साताऱ्याच्या गादीवर शाहू महाराज होते आणि बाळाजी विश्वनाथ पेशवे होते. घाबरू नका, रोजच्या वाचनाला साधारण साडेतीन हजार अक्षरं पुरतात. चीनमधल्या शाळकरी मुलांच्या दप्तरातला 'शिनह्वा' हा छोटा कोश १९५३ साली निघाला. २०१६ मध्ये गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली, तेव्हा त्याच्या प्रतींचा आकडा ५६ कोटी ७० लाख होता.

मराठी माणसालाही ही वाट नवी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. जखमी सैनिकांवर उपचार करता करता चिनी शिकले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले पु. वि. बापट पालीचे पंडित. पालीतल्या एका टीकाग्रंथाचं चिनी रूपांतर त्यांनी हिराकावा या जपानी अभ्यासकाबरोबर इंग्रजीत आणलं आणि १९७० साली भांडारकर संस्थेने ते छापलं. एकेका अक्षरासाठी त्यांनी किती पानं उलटली असतील याची मला आता कल्पना येते.

पांडेसऱ्याच्या लोकांना मी नेहमी एक अक्षर दाखवते, 'रान'. अर्थ, रंगवणं. आपल्याकडच्या डाईंग मिलमध्ये दिवसरात्र चालतं तेच. त्यात तीन तुकडे आहेत, डावीकडे पाण्याचे तीन थेंब, वर 'नऊ' हा आकडा आणि खाली झाड. जुने टीकाकार सांगतात, झाडापासून काढलेला रंग, पाणी, आणि नऊ म्हणजे पुन्हा पुन्हा बुचकळणं. गंमत म्हणजे त्याच्या एकूण रेघाही नऊच. मी ते अर्थातच पाण्याखाली शोधलं आणि सापडलं नाही. तो आहे झाडाच्या गटात, उरलेल्या रेघा पाच. म्होरक्या नेहमी जागा अडवून बसलेला नसतो. कधी कधी तो खाली उभा राहून ओझं उचलत असतो.

भाच्याचा फोन

आता दिवस बदलले. आबांच्या गाळ्यात दुसरं मशीन आहे, त्याचा पडदा हिंदी आणि इंग्रजी दोन्ही दाखवतो. मी लग्न होऊन डिंडोलीला गेले, एका फर्ममध्ये हिशेब बघते. गेल्या दिवाळीत माझा भाचा, इंग्रजी शाळेत आठवीत शिकणारा, गाळ्यावर आला होता. जुन्या मशीनचं ते झाकण अजून आहे. त्याने फोनचा कॅमेरा त्यावर धरला आणि वाचलं, "आत्या, इथे लिहिलंय, 'कृपया इंधन भरू नका.' मशीन पेट्रोलवर चालतं का?"

मी हसले, पण एक गोष्ट लक्षात आली. 'नका' फोनने क्षणात सांगितलं. ज्या अक्षराने माझा दिवस घेतला आणि आमचा महिना घेतला, ते त्याला एका सेकंदात मिळालं. २००७ साली हा फोन असता तर अकरा साड्या वाचल्या असत्या. कागदी कोशाचं कितीही कौतुक असलं तरी हे नाकारता येत नाही.

पण 'इंधन' का आलं ते फोनने सांगितलं नाही. म्हणून कोश काढला. तिसरं आणि चौथं अक्षर मिळून 'ज्या-योउ'. त्याचा अर्थ तेल घालणं, गाडीत पेट्रोल भरणं, आणि सामना बघताना खेळाडूला ओरडून धीर देणं हाही. आपण 'चल, जोर लाव' म्हणतो तसं. भाच्याला ते फारच आवडलं. त्याने स्वतः तीन थेंबांची खूण शोधली, पाच रेघा मोजल्या आणि 'तेल'च्या पानापर्यंत पोचला. वाटेत पाण्याच्या यादीत त्याला नदी, समुद्र, रस्सा आणि घाम भेटले. "आत्या, सगळे ओलेच आहेत!" म्हणाला.

मग मी त्याला आबांच्या पेटीतला मराठी कोश दिला आणि 'ओसरी' शोधायला सांगितलं. हा शब्द तो आजीकडून ऐकतो, पण फ्लॅटमध्ये वाढल्यामुळे त्याने ओसरी पाहिलेली नाही. मराठीत शोधणं सोपं असेल असं त्याला वाटलं. ते नव्हतं. स्वर आधी की व्यंजनं, 'ओ' कशाच्या पुढे, अनुस्वाराचे शब्द कुठे, 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी की 'क' आणि 'ज'मध्ये, यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. शेवटच्या प्रश्नावर तर आपल्या कोशकारांचंही एकमत नाही, काही कोशांत ती जोडाक्षरं शेवटी मिळतात, काहींत आतच. मोल्सवर्थसाहेबाने १८३१ साली मराठीचा मोठा कोश छापला तेव्हापासून आपल्याकडे कोशांना तोटा नाही, पण घरातल्या किती मुलांना ते उघडता येतात? दहा मिनिटं लागली. 'ओसरी'च्या वाटेवर त्याला 'ओवी' आणि 'ओळंबा' भेटले. ओळंबा म्हणजे काय, हे आबांनी दोरीला नट बांधून, भिंतीला लावून दाखवलं.

जाताना त्याने शाळेच्या वहीत दोन रकाने पाडले, एक 'सापडले' आणि एक 'नाही सापडले'. दुसरा रकाना कशाला, असं मी विचारलं नाही. अकरा साड्यांची गोष्ट आबांनी त्याला आधीच सांगितली होती.

दर रविवारी तो दुसरा रकाना मला फोनवर वाचून दाखवतो. परवा त्यात तीन शब्द होते. दोन मला माहीत होते. तिसरा मलाही नव्हता. "थांब," म्हटलं, "आबांना विचारू."